पांढरा थर आला कुठून? चिपळूणमधल्या एका सोसायटीच्या पाण्याचं प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात चिपळूणमधल्या एका सोसायटीच्या सभेपुढे एकच मोठा विषय होता. सगळ्या इमारतीसाठी मिळून टाकीवर वॉटर सॉफ्टनर, म्हणजे कठीण पाणी मऊ करणारं यंत्र, बसवायचा की नाही? तक्रारी खऱ्या होत्या. गीझरच्या कॉइलवर चुन्यासारखं कवच धरत होतं, शॉवरची भोकं बुजत होती, स्टीलची भांडी वाळली की त्यांवर पांढरे ठिपके उठत होते. केस राठ झाल्याचं मुली सांगत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं गाऱ्हाणं वेगळं होतं: "तुरीची डाळ नेहमीच्या शिट्ट्यांत शिजत नाही हो. वरण घोटलं तरी दाणा लागतो."

यावर सोसायटीत निदान ठरूनच गेलं होतं, चिपळूणचं पाणी हार्ड झालंय. सॉफ्टनरचं कोटेशन आलं होतं, शिवाय घरटी एकेक आरओ घेतला तर सवलत होती. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सचिवांनी चेक फाडण्याआधी मला पाणी बघायला बोलावलं. तिथे जे सापडलं ते खेड, महाड, सावंतवाडी अशा घाटपायथ्याच्या इतर गावांतल्या इमारतींनाही लागू पडेल असं मला वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

नळाला येतं ते पाणी

चिपळूणला पाणी मिळतं वाशिष्ठीचं, आणि वाशिष्ठीत उन्हाळ्यात जे वाहतं ते बरंचसं कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून सोडलेलं पाणी. कोयना खरं तर पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळणारी नदी. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरवून पोफळीला वीज केली जाते, ते कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथे पुन्हा वीज होते आणि मग ते वाशिष्ठीत सोडलं जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने या पश्चिमेच्या वळवणीला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. चिपळूणकराला हे सगळं वेगळं सांगावं लागत नाही. वीजनिर्मिती थांबली की नदीची पातळी उतरते आणि घरात पाण्याची चर्चा सुरू होते.

हे पाणी मुळात महाबळेश्वर-कोयनेच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आहे. पाणी कठीण होतं ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे, आणि हे दोन्ही त्यात विरघळायला खडकाशी बराच काळ संबंध यावा लागतो. इथे पाऊस इतका, आणि उतार इतका, की पाणी खडकात मुरून बसण्याआधीच वाहून निघतं. वरच्या जांभ्यात तर विरघळण्यासारखं फारसं उरलेलंच नाही. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना, मॅग्नेशिया धुऊन नेला आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं. म्हणून जांभ्याचा चिरा तांबडा असतो आणि म्हणूनच कोकणातल्या सड्यावरच्या झऱ्याचं पाणी मऊ, किंचित आम्लधर्मी असतं. घाटावरून, मराठवाड्यातून किंवा सोलापुराकडून इथे राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच अंघोळीत ते कळतं. साबणाला फेस भरपूर येतो, पण बुळबुळीतपणा अंगावरून सुटत नाही.

म्हणजे चिपळूणच्या नळाला कठीण पाणी येत असेल तर तीच आश्चर्याची गोष्ट ठरली असती. मात्र नदीच्या वर्तनावरून सोसायटीच्या टाकीबद्दल बोलणं बरोबर नाही. टाकीच बघायला हवी होती.

पार्किंगमधलं प्रात्यक्षिक

त्याआधी विक्रेत्याने केलेल्या प्रात्यक्षिकाबद्दल लिहायला हवं, कारण सभेचं मत तिथेच तयार झालं होतं. दोन काचेचे ग्लास. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवायचं आणि विजेचं बटण दाबायचं. मिनिटाभरात नळाच्या ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ उसळतो, वर घाण फेस येतो. आरओचा ग्लास स्वच्छ राहतो. "हे रोज तुमच्या मुलांच्या पोटात जातं," असं म्हटल्यावर कोणती आई गप्प बसेल?

तो गाळ पाण्यातला नसतो. प्रत्येक ग्लासात बुडणाऱ्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची. पाण्यातून वीज गेली की लोखंडाची कांडी विरघळते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. वीज वाहायला पाण्यात थोडे क्षार लागतात. साध्या नळाच्या पाण्यात, अगदी उत्तम झऱ्याच्या पाण्यातही, ते असतातच. आरओच्या पाण्यातून जवळजवळ सगळे काढून टाकलेले असतात, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी झिजत नाही. मी हे सांगितलं तेव्हा काही जणांना ते पटलं नाही. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी घरातून चिमूटभर मीठ आणलं, आरओच्या स्वच्छ ग्लासात ढवळलं आणि तेच यंत्र पुन्हा लावलं. तोही ग्लास तांबूस गढूळ झाला. घरातलं खायचं मीठ होतं ते.

या प्रात्यक्षिकाचा मला मनापासून राग आहे. चांगल्या पाण्याबद्दल लोकांच्या मनात भीती बसते, आणि खरं घाण पाणी ओळखायची नजर जाते. जंतू असलेलं पण क्षार कमी असलेलं पाणी या यंत्रात जवळजवळ नितळ दिसेल.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि एका गुणकाने क्षारांचा अंदाज देतो. क्षार चुन्याचे की मिठाचे हे त्याला कळत नाही, आणि जंतूंशी तर त्याचा काही संबंधच नाही.

चार ठिकाणचं पाणी

नमुने घेतले ते पाण्याच्या वाटेने: नगरपरिषदेच्या लाइनवर (पाणी खालच्या टाकीत पडण्याआधी), इमारतीच्या बोअरवर, खालच्या टाकीतून, आणि तिसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरातल्या नळावर. प्रत्येक ठिकाणी आधी पाणी जाऊ दिलं, बाटली त्याच पाण्याने विसळली, मग भरली. नमुना घेण्यात हलगर्जी झाली तर पुढची सगळी तपासणी वाया जाते.

कठीणपणाची चाचणी घरीही करता येते इतकी सोपी आहे. ठरावीक पाण्यात बफर आणि रंगद्रव्य टाकलं की पाणी दारूच्या लालसर रंगाचं होतं. मग कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या ईडीटीए या रसायनाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं आणि लालाचा निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. लाइनवरच्या पाण्याला मोजके थेंब पडले न पडले तोच ते निळं झालं. बोअरच्या पाण्यात थेंब पडत राहिले, पडत राहिले, जांभळट छटा यायची आणि ढवळलं की पुन्हा लाल. खालच्या टाकीचं पाणी या दोघांच्या मधे. टीडीएस मीटरवरही लाइनचा आकडा दोन अंकी होता, बोअरचा तीन अंकी.

नळ मऊ होता. थर बोअरचा होता.

सचिव म्हणाले, "पण मॅडम, बोअर तर आम्ही फक्त टंचाईत वापरतो." वॉचमनमामांना विचारलं तेव्हा खुलासा झाला. खालच्या टाकीत आतून रंगाने एक रेघ मारलेली आहे. पाणी रेघेखाली गेलं की मामा बोअर चालू करतात. त्यांना तसंच सांगितलेलं होतं आणि त्यांनी ते इमानाने केलं होतं. पण आधी कुटुंबं कमी होती. आता वॉशिंग मशीन घरोघरी आहेत, खाली गाड्या धुतल्या जातात, आणि फेब्रुवारीपासून रेघ रोज उघडी पडते. म्हणजे जी सोय अडीअडचणीसाठी होती, ती रोजची झाली होती आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तक्रारींचं वेळापत्रक यात चपखल बसलं. पांढरा थर, राठ केस, न शिजणारी डाळ हे सगळं फेब्रुवारी ते मे. पावसाळ्यात या तक्रारी गायब, आणि त्यांच्या जागी गढूळ पाणी नि वास. शहराचं पाणी बदललं असतं तर शेजारच्या इमारतींतही गीझर जायला हवे होते. तिथे विचारलं, तर ज्यांच्याकडे बोअर नाही त्यांच्याकडे ही तक्रारच नव्हती.

काकूंच्या डाळीची शहानिशा काकूंनीच केली. एकाच कुकरमध्ये दोन डबे, सारखी डाळ, पाण्याचं मापही सारखं. एकात लाइनचं, दुसऱ्यात टाकीचं. लाइनच्या पाण्यातली डाळ पळीने सहज मोडली, टाकीच्या पाण्यातली अखंड राहिली. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून टाकतं, म्हणून ती शिजत नाही. माझ्या थेंबांच्या बेरजेपेक्षा सभेला हे दोन डबे जास्त पटले, आणि पटण्यासारखेच होते.

खडक की खाडी

एक शंका तरीही उरत होती आणि ती महत्त्वाची होती. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते आणि भरतीचं पाणी गोवळकोटच्या बाजूने वर सरकतं. नदीत अवजल कमी असेल आणि उधाणाची भरती असेल तर खालच्या भागात पाणी मचूळ होऊ शकतं. बोअरचा कठीणपणा खाडीचा असेल तर उपाय पूर्ण वेगळा.

हे ओळखायला एक हिशेब उपयोगी पडतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार असतात, त्यात क्लोराइड सुमारे १९,०००, आणि कठीणपणा ६,००० च्या वर. गोड्या पाण्यात १ टक्का समुद्र मिसळला तर कठीणपणा साठेक मिलिग्रॅमने वाढेल, पण क्लोराइड १९० ने आणि एकूण क्षार ३५० ने. म्हणजे खाडी शिरली तर मीठ आधी बोलतं, कठीणपणा त्याच्या मागून येतो. इथे उलट होतं. सिल्व्हर नायट्रेटच्या चाचणीत क्लोराइड किरकोळ निघालं. शिवाय बोअरचं पाणी चांगलं उकळून, गाळून पुन्हा चाचणी केली तर थेंब बरेच कमी लागले आणि भांड्याच्या तळाला पांढरी पूड बसली. हा बायकार्बोनेटचा कठीणपणा, उकळल्यावर जाणारा. जांभ्याच्या खाली काळा बसाल्ट आहे. त्याच्या भेगांत मुरून राहिलेल्या पाण्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळायला वेळच वेळ असतो. आणि हीच पूड गीझरच्या कॉइलवर बसत होती.

सॉफ्टनर का नको

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आता मिश्रणाचा हिशेब बघा. समजा लाइनचं पाणी ४० आहे आणि बोअरचं ३२०. निम्मंनिम्मं मिसळलं तर १८०. तीन भाग लाइन आणि एक भाग बोअर असेल तर ११०. बोअरचा वाटा चौथाईवर आणला की थर जवळपास आटोक्यात येतो, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही.

सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतो. दर १०० मिलिग्रॅम कठीणपणामागे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. रक्तदाबाची औषधं घेणारी माणसं त्या इमारतीत घरोघरी आहेत. ही अदलाबदल करणारे यंत्रातले मणी, म्हणजे रेझिन, पुन्हा ताजं करायला मिठाचं पाणी सोडावं लागतं, ते कुठल्या तरी गटारातून वाशिष्ठीतच जाणार. आणि पावसाळ्याचे चार महिने, जेव्हा बोअर बंदच असते, हे यंत्र मऊ पाणी मऊ करत बसणार.

आरओबद्दल तर राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच पर्यावरण मंत्रालयाला सांगितलं होतं की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओला मनाई करावी. घरगुती आरओ एक लिटर पाणी द्यायला साधारण दोन-तीन लिटर गटारात सोडतो. एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या इमारतीने दोन अंकी टीडीएसच्या पाण्यासाठी हे करावं? आणि वाया गेलेलं भरून काढायला पुन्हा बोअर चालवावी?

ज्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं

तपासणीत खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मिळाली ती थराच्या जवळपासही नव्हती. चारही नमुन्यांची ओटी टेस्ट केली. लाइनवरच्या पाण्याला पिवळी छटा आली, म्हणजे क्लोरीन शिल्लक होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचं पाणी रंगहीन राहिलं. मग जंतूंसाठी एच-टू-एसच्या बाटल्या भरून ठेवल्या. लाइनची बाटली जशीच्या तशी राहिली. टाकीची आणि स्वयंपाकघराची काळी पडली. मऊ, नितळ, टीडीएस मीटरवर देखणं दिसणारं पाणी घरात पोचेपर्यंत पिण्यालायक राहिलं नव्हतं, आणि ते बिघडत होतं इमारतीच्या आवारात.

कारण शोधायला टाकीच्या झाकणाशी गुडघ्यांवर बसावं लागलं. खालची टाकी पार्किंगच्या फरशीच्या पातळीत, झाकण फरशीला समतल, एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट. शेजारीच गाड्या धुतात. साबणाचं, चिखलाचं पाणी उताराने येऊन त्या फटीशी थबकलेलं मी बघितलं, आणि ते हळूहळू आत झिरपत होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ही टाकी पूर्ण बुडाली होती. तेव्हा ती उपसून, घासून, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून धुतली होती. पण झाकण तेच राहिलं आणि त्यानंतर टाकी नियमाने धुतली गेली नाही. तळाला बोटभर गाळ होता. त्या गाळावरच येणारं सगळं क्लोरीन खर्ची पडत होतं.

दुसरी गोष्ट जोडणीची. बोअरची आणि नगरपरिषदेची लाइन टाकीच्या आधी एका टी-आकाराच्या जोडात जोडलेली होती, मधे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. पुरवठ्याची वेळ संपून मुख्य लाइनमधला दाब उतरला आणि त्याच वेळी बोअर चालू असली, तर बोअरचं पाणी उलट शहराच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. शेजाऱ्यांच्या नळाला. ही जोडणी मी पहिल्या दिवशीच तोडायला लावली.

तिसरं, पावसाळ्यातलं तांबूस पाणी. इमारतीचे खाली उतरणारे पाइप जुन्या जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे, आहेत. कठीण पाणी पाइपात थर धरतं, पण त्या थराने धातू झाकलाही जातो. मऊ, कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी पाणी उलट धातू खातं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की गाळ बसवायला तुरटी जास्त लागते, आणि तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, खाते. १ मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम. इथल्या पाण्यात क्षारता मुळातच बेताची, म्हणून चुना घालून सामू (pH) सांभाळावा लागतो. मऊ पाण्याचा हा त्रास कोकणाचा स्वतःचा आहे आणि त्यावर बाजारात कोणी यंत्र विकत नाही.

काय ठरलं

आदर्श उपाय म्हणजे बोअरसाठी वेगळी टाकी आणि फ्लशसाठी वेगळे पाइप. जुन्या इमारतीत भिंती फोडल्याशिवाय ते होत नाही, आणि एवढा खर्च सभेला झेपणारा नव्हता. म्हणून जमेल ते केलं. बोअरवर तळमजल्याला एक लहान टाकी बसवली. गाड्या धुणं, जिना, झाडं, बांधकामाची डागडुजी, सगळं तिच्यावर. एवढ्यानेच मुख्य टाकीतलं पाणी वाचलं आणि रेघ रोज उघडी पडायची थांबली. बोअर मुख्य टाकीत सोडायचीच वेळ आली तर वरून, मधे हवेची मोकळी जागा ठेवून सोडायची, आणि जिन्यातल्या फळ्यावर मामांनी तसं लिहायचं. त्या दिवशी गीझर कमी तापमानाला ठेवायचा आणि डाळ-भातासाठी तळमजल्यावरच्या थेट लाइनच्या नळाचं पाणी भरून न्यायचं.

टाकीच्या तोंडाला फूटभर उंच कठडा बांधून वर बसणारं, कुलपाचं झाकण लावलं. टाकी धुऊन घेतली. टीसीएलचं प्रमाण मामांना लिहून दिलं: ३३ टक्के क्लोरीनची ताजी पावडर असेल तर १,००० लिटरला ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवून, निवळी वरून टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग वरच्या मजल्यावर ओटी टेस्ट. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन तिथे दिसलं पाहिजे. पावडरचं पाकीट उघडं राहिलं की तिचा जोर जातो, म्हणून ते घट्ट झाकणाच्या डब्यात. पहिल्या काही वेळा वरच्या मजल्यावर रंग आलाच नाही. पाइपांतली घाण क्लोरीन खात होती. पाइप रिकामे करून, पुन्हा भरून, पुन्हा तपासल्यावर तो यायला लागला.

घरात गाळण आणि यूव्हीचं साधं यंत्र पुरेल असं मी सांगितलं. पण पाणी गढूळ असताना यूव्हीचा प्रकाश आत पोचत नाही. पावसाळ्यात आधी गाळून, मग खळखळून उकळणं हेच खात्रीचं. गीझरच्या कॉइल लिंबूफूल घातलेल्या कोमट पाण्यात ठेवून साफ झाल्या. दोन मात्र जळाल्याच होत्या, त्या बदलाव्या लागल्या.

सॉफ्टनरसाठी जमवलेल्या रकमेतला मोठा भाग उरला आहे. जीआयचे उभे पाइप बदलण्याचा ठराव पुढच्या सभेत येणार आहे. काही घरांचा त्याला विरोध आहे, कारण आतले पाइप नुकतेच टाइल्सखाली गेले आहेत. निदान बाहेरच्या भिंतीवरचे चार उभे पाइप पावसाच्या आधी बदलावेत आणि प्रत्येक मजल्यावर पाइप धुऊन काढायला एकेक तोंड ठेवावं, असं मी लेखी दिलं आहे.